आपल्या तिघांच्या गाठी

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मनातल्या मनातसुद्धा मी कधी तुमच्याशी धड बोललो नाही. आज लिहायला बसलोय ते लाज वाटली म्हणून. परवा पोरीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. सातवीत आहे ती. पाठीवर चहा सांडल्यासारखे डाग तिला लहानपणापासूनच आहेत. माझ्यासारखेच आहेत हे मला कळत होतं, तरी मी जन्मखुणा म्हणत आलो. आता दंडावर मऊ गाठ आलीय. डॉक्टरबाईंनी ती बोटांनी चाचपली आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला आहेत का अशा?" मी फटकन म्हणालो, "नाही मॅडम, कुणालाच नाही."

बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "अहो, काय बोलताय? मॅडम, यांची पाठ भरलीय सगळी. सासऱ्यांना पण होत्या म्हणे, मी काय त्यांना पाहिलं नाय." बाईंनी मला शर्ट काढायला लावला. घरात मी कधी नुसत्या बनियनवर बसत नाही, वाळूजला कंपनीत भर उन्हाळ्यातही बाह्यांची बटणं लावून कामाला जातो. पोरीनं पहिल्यांदाच बघितलं सगळं. घाबरली नाही. "पप्पा, दुखतं का?" एवढंच विचारलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

हा नसांचा आजार आहे म्हणे. बापाकडून लेकराकडं येऊ शकतो. मुळापासून जात नाही, पण सांभाळता येतो. दरवर्षी डोळे बघायचे, बीपी बघायचं, गरज वाटली तर एमआरआय. एखादी गाठ भराभर वाढली, दुखायला लागली तर ताबडतोब यायचं. बाई म्हणाल्या, "घाबरायचं नाही, पण चुकवायचंही नाही. आणि तुम्ही स्वतः कधी दाखवलंत?" मी शर्टाची बटणं लावायला लागलो.

आपल्याला कुठं काय माहीत होतं, अण्णा! माझ्या दंडावरच्या पहिल्या गाठीला तुम्ही चामखीळ समजून घोड्याच्या शेपटीचा केस बांधला होता, गळून पडेल म्हणून. दंड सुजला, मी रात्रंदिवस बोंबलत होतो. शेवटी चुलीपुढं मला मांडीवर घेऊन तुम्हीच कात्रीनं केस कापला, अन् माझ्यापेक्षा जास्त तुम्हीच रडलात. तेव्हापासून माझ्या शर्टांच्या शिवणी तुम्ही बाहेरच्या बाजूला घ्यायला लागलात, गाठीला घासू नयेत म्हणून. पिशोरच्या शाळेत पोरं मला 'उलट्या' म्हणायची. एक दिवस दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना तो शर्ट मी तुमच्या शिलाई मशीनवर फेकला. "मला नाय दिसायचं तुमच्यासारखं!" तुम्ही शर्टाची घडी घालता घालता म्हणालात, "अंगाला टोचत नाय ना? मग झालं. लोकांचं काय घेऊन बसला." तुम्ही भर बाजारात अर्ध्या बाह्यांनी बसायचात. एवढी हिंमत माझ्यात कधीच आली नाही.

दवाखान्यातून आल्यावर पोरगी बैठकीत तुमच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. तो फोटो मोठा करताना स्टुडिओवाल्यानं विचारलं होतं, "चेहरा साफ करून देऊ का, साहेब?" मी म्हटलं, करा. कपाळावरच्या, नाकाजवळच्या, सगळ्या गाठी त्यानं पुसून टाकल्या. बैठकीत येणारे-जाणारे म्हणतात, काय तेज होतं चेहऱ्यावर! मी ऐकून घेतो. तिनं लई वेळ निरखून बघितलं आणि माझ्याकडं वळली. "आजोबांच्या तोंडावर तर एकपण नाय. म्हंजे माझ्या तोंडावर पण नाय येणार ना, पप्पा?"

हे कागद मी आत्ताच फाडून टाकणार आहे. बायकोच्या हाती लागले तर कुठं तोंड लपवू? फक्त पोरीला काय उत्तर दिलं, ते तेवढं तुम्हाला सांगतो. म्हणालो, "नाय येणार, बेटा."