घर घ्यावे की भाड्याने राहावे : माझा सखोल अभ्यास

३ जून
खालच्या मजल्यावरचे घरमालक काका वर आले. लेकीकडे कायमचे राहायला चाललेत. आम्ही भाड्याने राहतो तो वरचा मजला विकायचाय. अकरा वर्षांचे भाडेकरू म्हणून पहिला मान आमचा, महिनाअखेर काय ते सांगा म्हणाले. उत्सुकता दाखवायची नसते, म्हणून मी भिंतीच्या ओलीकडे बोट दाखवलं. ओल आहेच म्हणाले. माणूस वरमला.
निर्णय १० तारखेपर्यंत. भावनेला थारा नाही.

४ जून
नवी वही आणली. मधोमध रेघ. डावीकडे ‘भाडं’, उजवीकडे ‘विकत’. पडद्यांच्या दुकानात मापं घेण्यात उमेदीची वर्षं गेली. हजारो घरांच्या खिडक्या पाहिल्या. घरांतलं मला कळणार नाही तर कुणाला?
ही म्हणाली, आपलं घर असलं की भिंतीला हवा तो रंग देता येतो. मुद्दा भावनिक. शून्य गुण.

७ जून
तुलनेसाठी एजंटबरोबर दुसरा फ्लॅट पाहिला. खिडक्या अप्रतिम! पाच बाय चार, काटकोनात. मी मापं घेत असताना हिने स्वयंपाकघर कुठंय विचारलं. एजंट म्हणाला, ताई, तुम्ही त्यातच उभ्या आहात.
परतताना ही गप्प. बहुधा खिडक्यांचाच विचार करत असावी.

१० जून
निर्णय २० तारखेला. घाई हा माझा स्वभाव नाही.

१२ जून, सकाळी ७
मोरीतला नळ तुटला. आपलं घर असतं तर धावपळ कुणाची? माझी. आता? काकांना हाक मारली. शहात्तर वर्षांचा माणूस पान्हा घेऊन जिना चढला. मी बॅटरी धरली. भाड्याच्या रकान्यात पाच गुण.
नंतर काका आणि ही तासभर चहा पीत बोलत बसले. मी दुकानात गेलो. कामाची माणसं आम्ही.

१५ जून
काका जिन्यात भेटले, काही ठरलं का विचारलं. मी म्हटलं, घरं काय हो, येतात नि जातात. बरं म्हणाले. चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव. म्हणजे आतून टरकलाय. आता गप्प बसायचं. किंमत आपोआप खाली येईल.

१८ जून
हिने आज लॅबमधून अर्धी रजा काढली. धाकट्या बहिणीला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणे. परवाही गेली होती. मी समजावलं, असल्या गोष्टी वेळच्या वेळी उरकाव्यात, चालढकल महागात पडते. तुमचं अगदी बरोबर आहे म्हणाली. अकरा वर्षांत इतक्या चटकन कधी पटलं नव्हतं.

२० जून
वही भरली. दुसरी आणली. निर्णय २५ला.

२३ जून
सासऱ्यांचा फोन. माझ्याशी न बोलता हिच्याशीच बोलले. दाताचा खर्च बराच दिसतोय. मी विचारलं नाही. माहेरच्या बाबतीत मी नाक खुपसत नाही.

२६ जून, रात्रीचं जेवण
निर्णय झाला! भाडं ९१, विकत ३४. ताटावरच जाहीर केलं : आपण भाड्यानेच राहणार, माणसाने मोकळं असावं. कन्येला ठसका लागला. हिने तिला पाणी दिलं आणि मला विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, दगडावरची रेघ. बरं म्हणाली. घरात विरोध नसण्याचं सुख औरच.

२९ जून
काकांना निर्णय कळवायला खाली गेलो. खोकी बांधत होते. म्हटलं, आम्ही काही घेत नाही, पण जो कुणी नवा मालक येईल त्याला आमच्याबद्दल दोन चांगले शब्द सांगा.
काकांनी हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाले, “अहो, कालच खरेदीखत झालं. तुमच्या मंडळींनी तुम्हाला सांगितलं नाही?”
सहीला साक्षीदार मेहुणी. कर्ज हिच्या पगारावर, वरचे पैसे सासऱ्यांचे. दात एकही दुखत नव्हता.
वर आलो. ही बैठकीच्या खोलीत भिंतीवर तळवा टेकवून उभी होती. असं उभं राहिलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. घसा साफ करून विचारलं, मला का नाही सांगितलं?
“सांगितलं असतं तर तुम्ही तिसरी वही आणली असती,” म्हणाली.
मी म्हटलं, पण माझा निर्णय भाड्याचा आहे, त्याचं काय?
“मग राहा की भाड्याने. मी कुठे नको म्हणतेय?”

३० जून
सकाळी बोलणी झाली. मी पाच वर्षांचा करार मागितला, एकदम कडक आवाजात. एक वर्ष मिळालं. पुढचं वागणूक पाहून.