अंबाड्याची राणी, पदराची राणी

प्रिय सूनबाई,

चिरंजीवांचा फोन येतो, तुझा येत नाही. तो म्हणतो, "ती कामात आहे." त्याला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, बोलायला गेला की आवाज एकदम सभ्य होतो. म्हणून मी फार खोदून विचारलं नाही. इकडे सगळं ठीक आहे. हिची तब्येत इतकी छान आहे की परवा खिडकीच्या जाळ्या धुवायला स्टुलावर चढली. मी ओरडलो तर म्हणाली, "ओरडण्यापेक्षा खाली उभे राहा. पडले तर तुमच्यावरच पडेन." मी उभा राहिलो. समोरच्या इमारतीला पिवळा रंग देताहेत, त्यामुळे दुपारी आमच्या खोलीतही सगळं पिवळं दिसतं. नाणी पाहायला असा उजेड अगदी वाईट, धातूचा खरा रंगच कळत नाही. तेव्हा सध्या भिंगं पुसून ठेवली आहेत आणि हात रिकामे आहेत. फोनवर मला मनातलं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला. माणूस समोर बसलेलं असलं तर जमतं, नाहीतर कागद बरा.

तू घरात आलीस तेव्हा नाण्यांचं कपाट आधीपासून होतंच. ते कसं आलं हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. माझी एक आत्या पडदे शिवायची. पडदा सरळ पडावा म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत ती वजनाला विलायतेहून आलेल्या जुन्या ब्रिटिश पेन्या शिवून टाकायची. व्यवहारातून केव्हाच बाद झालेली, बिस्किटाएवढी थोराड नाणी, कुणाला त्यांचं काही पडलेलं नव्हतं. आत्यानं घर बदललं तेव्हा जुने पडदे उसवायला माझ्याकडे आले. दोरा ओढला आणि मांडीवर एक पेनी पडली. एका बाजूला समुद्रकाठी बसलेली बाई, हातात त्रिशूळ, शेजारी ढाल. दुसऱ्या बाजूला मागे अंबाडा घातलेली तरुण राणी व्हिक्टोरिया. कानावरच्या केसांची बट न् बट वेगळी दिसत होती, कारण दुमडीत गेल्यापासून त्या नाण्याला कुणाचा हातच लागला नव्हता. आत्या म्हणाली, "हवी तर सगळी ने बाबा, पण माझ्या पडद्यांना दुसरं काहीतरी वजन आणून दे." मी तिला लोखंडी वायसर आणून दिले आणि वाटेतच ठरवलं की अशा सगळ्या वर्षांच्या पेन्या जमवायच्या.

हा छंद बाहेरून पाहणाऱ्याला खुळचटपणा वाटतो, तो आहेही. नाणं दिसलं की आधी उंच भाग पाहायचे, कारण झीज तिथूनच सुरू होते. राणीच्या कानावरचे केस, त्या बसलेल्या बाईचा गुडघा. केस सपाट झाले असतील तर दर्जा 'फाइन', थोडे उरले असतील तर 'व्हेरी फाइन', आणि नुकते टांकसाळीतून आल्यासारखे असतील तर माझ्यासारख्याचा श्वासच अडकतो. मग त्यांना सांभाळायचं. हात धुवायचे, कोरडे करायचे, नाणं फक्त कडेनं धरायचं. सुरुवातीला मी ती चांगल्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवली होती. दोन पावसाळे गेले आणि सगळ्यांवर हिरवा चिकट थर आला. तेव्हापासून लाकडी ट्रे, प्रत्येक नाण्याला फेल्टचं अस्तर लावलेली वेगळी खोबण, आणि कोपऱ्यात बुटांच्या खोक्यात मिळतात तसल्या दमट हवा शोषणाऱ्या पुड्या. टेबलावर चहाला बंदी. हिला तर ट्रेला हात लावायचीच बंदी. ही त्या कपाटाला माझी सवत म्हणायची. एकदा मी एक पेनी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेत होतो, तर दारातून म्हणाली, "मला कधी इतकं हळुवार धरलं नाहीत." मी हसलो. ती हसली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आणि मग ते हिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन. तुम्ही दोघं तेव्हा आमच्याचकडे राहत होता, आणि तू नुकतीच दातांच्या दवाखान्यात बसायला लागली होतीस. मी हिच्यापाशी इस्पितळात, चिरंजीव दौऱ्यावर, घरात तू एकटी. हिला घरी आणलं त्या दिवशी तू दार उघडलंस तेव्हा तुझा चेहरा असा होता की मला वाटलं, काहीतरी गोड बातमी आहे. हिला पलंगावर निजवलं, पाठीला उशी दिली, आणि तू मला हाताला धरून खिडकीशी नेलंस. "बाबा, डोळे मिटा." मिटले. "आता उघडा." समोर व्हिक्टोरियाचा ट्रे होता. अंबाड्यापासून म्हातारपणापर्यंत सगळ्या पेन्या नव्या घंटेसारख्या चकचकत होत्या. "दवाखान्यातलं दातांचं पॉलिश वापरलं," तू म्हणालीस. "रबराचा कप, सगळ्यात बारीक पेस्ट. सुट्टीचा अख्खा दिवस लागला. किती काळ्या पडल्या होत्या हो बिचाऱ्या!"

सूनबाई, आता तुला सगळं कळलेलंच आहे, म्हणून आडपडदा ठेवत नाही. जुन्या नाण्यावरचा तो काळपट रंग म्हणजे मळ नसतो, ती त्याची कातडी असते; ती यायला शंभर वर्षं लागतात आणि घासून गेली की परत येत नाही. संग्राहकांच्या लेखी तो ट्रे त्या दुपारी मेला. मी "वा!" म्हणालो. मग हात धुवायचं निमित्त काढून न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि उलट्या बादलीवर बसून राहिलो. रडलो नाही, पण रडलो असतो तर बरं झालं असतं. वाईट वाटलंच नाही असं लिहिलं तर तू या पत्रातल्या बाकी कशावरच विश्वास ठेवणार नाहीस.

बाहेर आलो तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस. हिनं पलंगावरूनच माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "फार वाटोळं झालं का?" मी मान हलवली. "तिला सांगणार?" मी म्हणालो, "नाही." ही म्हणाली, "मग मीही नाही." तेवढंच. आणि मग तिनं ते केलं जे इतक्या वर्षांत केलं नव्हतं: हात पुढे केला आणि म्हणाली, "आता खराबच झाल्यात ना? मग द्या इकडे. मी बघते." माझ्याकडे नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. ट्रे तिच्या मांडीवर ठेवला. बोटांचे ठसे उमटले तर उमटले.

ती पडून होती ते सगळे आठवडे दुपारी आमचा तोच उद्योग झाला. तुला वाटायचं आम्ही वामकुक्षी घेतोय, म्हणून तू दार ओढून घ्यायचीस. आत ही माझं सगळ्यात मोठं भिंग डोळ्याला लावून बसलेली असायची. चकचकीत असल्यामुळे तिला नवशिकीलासुद्धा सगळं दिसायचं. तिनं माझ्या इंग्रजी नावांना रजा दिली. तरुणपणची ती 'अंबाड्याची राणी', आणि शेवटच्या वर्षांतली, डोक्यावरून वस्त्र घेतलेली, ती 'पदराची राणी'. एके दिवशी अचानक म्हणाली, "अहो, या मागच्या बाईजवळ आधी एका बाजूला दीपगृह आहे, दुसऱ्या बाजूला जहाज आहे. राणीनं पदर घेतल्यावर दोन्ही गेली. हिला एकटीला सोडून सगळे गेले कुठे?" मी म्हणालो, तेव्हा नक्षी बदलली, दीपगृह पुढे बऱ्याच वर्षांनी परत आलं. ती म्हणाली, "परत आलं ना? मग ठीक." आणि थोड्या वेळानं, भिंग न काढताच, "तुम्ही दुकानातून यायचात आणि त्या कपाटात जायचात. मी इकडे बसून असायचे." रागानं नाही, चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं. मी त्या दिवशी टेबलावर दोन कप चहा आणून ठेवला.

ही आता माझ्याहून बारकाईनं पाहते. ट्रेमधली फेल्टची अस्तरं तिनं बदलली, पाकिटांवरची अक्षरं तिची आहेत. आमच्या दर्जावरून भांडणं होतात, मी 'व्हेरी फाइन' म्हणतो, ती म्हणते, "नाकाकडे बघा तिच्या, कसलं व्हेरी!" बहुतेक वेळा नाक खरंच झिजलेलं असतं. निवृत्तीनंतर माणसं एकमेकांना कंटाळतात म्हणतात. आम्हाला अजून वेळ मिळालेला नाही.

म्हणूनच आमच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात तो ट्रे ठेवला. ती माझी हौस नव्हती, हिची होती. तिला तिचा स्वतःचा ट्रे मांडायचा होता आणि तुम्हा दोघांना दाखवायचा होता. मी एवढाच विचार केला की तुला कौतुक वाटेल. परीक्षक बाहेरचे आहेत, ते काय बोलतील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ते ट्रेशी थांबले, भिंग लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे ज्यानं घासलंय त्याला नाण्यांच्या आसपास फिरकू देऊ नये. अक्षरशः खून आहे हा." तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस, मी नजर वळवायला उशीर केला, आणि तुला सगळं कळलं. मी वळलो तोवर तू जिन्यापाशी पोचली होतीस, आणि तुझ्यामागून चिरंजीव, दोघांच्या पिशव्या हातात घेऊन.

पण त्यानंतर काय झालं ते तू पाहिलं नाहीस, आणि चिरंजीवांनीही नाही. ही पुढे झाली. तुला माहीत आहे, ही चारचौघांत फारशी बोलत नाही. परीक्षकांना म्हणाली, "साहेब, नाणी माझी आहेत. ती माझ्या सुनेनं घासली, मी आजारी असताना, प्रेमानं. तोपर्यंत मला आमच्या घरात नाण्याला हात लावायची परवानगी नव्हती. तुमच्या भाषेत खून असेल. आमच्याकडे त्या दिवसापासून दोन माणसं टेबलाशी बसतात." परीक्षक माणूस वाईट नव्हता गं. लाल झाला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "ताई, मग दाखवा मला." हिनं त्याला अंबाड्यापासून पदरापर्यंत एकेक पेनी दाखवली, दीपगृह कधी गेलं, जहाज कधी गेलं सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, बक्षीस देता येणार नाही, नियमात बसत नाही. ही म्हणाली, "मागितलंय कुणी?" घरी येताना बसमध्ये मात्र माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "पोरगी जेवलीसुद्धा नाही हो."

चिरंजीव शेवटी काल बोलून गेले. तू म्हणे जुन्या नाण्यांच्या दुकानांत फिरते आहेस, तसाच्या तसा ट्रे पुन्हा भरून घेऊन येणार आहेस, आणि तो भरेपर्यंत आमच्याकडे यायचं नाही असं ठरवलंयस. तसं काही करू नकोस. भरलेला ट्रे आणलास तर मी तो कपाटात ठेवीन, आणि मग हिला पुन्हा त्याला हात लावायची बंदी करीन. माझा स्वभाव मला माहीत आहे. आहे तोच ट्रे आम्हाला हवा आहे. पण मी हे सगळं का लिहितोय ते अजून लिहिलं नाही. माझी उजवीकडची खालची दाढ महिनाभर ठणकतेय. गाल सुजलाय, एका बाजूनं खातो, सूप पितो. कोपऱ्यावरचा दंतवैद्य चांगला आहे असं सगळे सांगतात; ही तर मला ओढत त्याच्या दारापर्यंत घेऊन गेली होती. मी पायरीवरून परत आलो. हिला म्हटलं, माझ्या तोंडात हात घालायचा तर तो आपल्या घरातल्या डॉक्टरचाच, दुसऱ्या कुणाचा नाही. ही म्हणाली, मग तिला तसं कळवा, नुसते कण्हत बसू नका. म्हणून कळवतो आहे. येत्या रविवारी ये. अवजारं आण, ते रबराचं पॉलिशसुद्धा आण. दाढ काढून झाली की उरलेले दात घासून दे, त्यांच्यावरचा काळपट रंग मला मुळीच जपायचा नाही.

तुझाच,
तोंड उघडून वाट पाहणारा,
बाबा