ताटावरचा लाल ठिपका

मोरबी, १४ ऑगस्ट

अश्विन दाजी,

आणि परत तेच! मी फोनवर ओरडलो तर मी उद्धट, आणि तुमच्या आईनं माझ्या बहिणीच्या ताटाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला ती मात्र स्वच्छता. वा दाजी. नमस्कार राहिला, तोही घ्या. सगळे मजेत असालच.

मी सातवी नापास. तुम्ही बीकॉम, द्वारका चौकात ऑफिस, गळ्यात आयकार्ड. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून ताईच्या पोटातल्या जखमा दाखवल्या, व्हायरसनं झाल्यात म्हणाल्या. तुम्ही तेवढाच एक शब्द ऐकला. लगेच तोंडाला मास्क, ताईचं अंथरूण मागच्या खोलीत. शेजारच्या कुसाबाईनं सांगितलं मला, तुमच्या आई तिला म्हणाल्या, "कोरोनावाणीच हाय, लांब राहा बाई." आणि औषध काय, तर ॲसिडिटीची गोळी! व्हायरसची महाग, म्हणून "बघू पुढच्या महिन्यात." तिला काळी संडास होतेय, आतून रक्त जातंय. पुढच्या महिन्यात काय बघणार, फोटोला हार?

सावकाश वाचा आता. नवी किडनी अंगानं झिडकारू नये म्हणून ताईला रोज गोळ्या लागतात. त्या गोळ्या तिची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवतात. हा व्हायरस लय जणांच्या अंगात गुपचूप पडून असतो, धडधाकट माणसाला काही करत नाय. ताईच्या पोटाला भिडला. शेजारी बसून जेवलात म्हणून मरणार नाही तुम्ही.

बाबांना म्हणालात, "किडनीबरोबर घाण आली घरात." किडनी माझी होती दाजी. तुमचीही जुळत होती, पण तुम्हाला सुट्टी नव्हती.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, हा व्हायरस आला कुठून. त्या म्हणाल्या, "बहुतेक तुझ्याकडूनच गेला असेल. तुझी चूक नाही रे." हे ताईला सांगू नका. ती वेडी उलटी माझीच माफी मागेल.

आणि हॉस्पिटलात माझ्या ताटातला उरलेला शिरा चाटूनपुसून कोणी खाल्ला होता? आईला सांगा, तुमच्याही ताटाला ठिपका लावा.

फोन विकला, म्हणून हा कागद. ठेकेदाराकडून उचलही घेतली. पैसे तुमच्या हातात देत नाही. देवळाली कॅम्पातल्या गोटीराम मेडिकलवाल्याला पाठवतोय. बाईंची चिठ्ठी त्याच्याकडे पोचली आहे, व्हायरसच्या गोळ्या तो घरी आणून देईल. तुम्ही फक्त दार उघडा. आणि एक दिवस तिच्याजवळ बसून जेवा, मास्क काढून.

उरलेल्या एका किडनीवर धडधाकट असलेला तुमचा मेव्हणा,
रविराज

मेडिकलवाल्याला पाठवलेले: अठरा हजार चारशे रुपये.