बिघडलेला गांधार

मंगळवार, रात्र. एकोडी.

डोकं फिरलंय. बाबांनी मला न विचारता माझी पेटी भंडाऱ्याला नेली आणि सुरात लावून आणली.

शनिवारी नागपूरला आमच्या जॅझ ग्रुपचा कार्यक्रम आहे. आमचा सॅक्सोफोनवाला कोमल गांधार आणि शुद्ध गांधार यांच्या मधला सूर फुंकून काढतो. पेटीत तो सूरच नसतो, म्हणून मी गांधाराची रीड कानशीनं जरा जरा घासून तो मधला सूर बसवला होता. सगळा उन्हाळा त्यात गेला. आता तो गांधार पुन्हा सरळ, शाळेच्या प्रार्थनेतल्यासारखा.

"काहून नेली?" मी विचारलं, तेही ओरडूनच.

"एकेक पट्टी दाबून पाहिली बापा. एक सूर बिघडला होता. म्हटलं, तुलेच कामी पडन."

एवढ्या मायेनं नुकसान करणाऱ्याशी भांडायचं कसं? तरी भांडलो. जेवलोही नाही.

मग ते भजनाला बसले, माझीच पेटी घेऊन. मी इकडे खोलीत दात खात ऐकत होतो. गांधार आला आणि बाबांचा गळा नेहमीसारखा खाली, त्या मधल्या जागी उतरला. रीड घासताना मी तरी तो सूर कुठून उचलला होता? लहानपणापासून ऐकलेल्या याच गळ्यातून. पेटी मात्र वरच राहिली. ते थांबले. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तेच.

"त्या भंडाऱ्याच्या पेटीवाल्यानं काही नीट नाही केली," बाबा तिकडून चिडून म्हणाले. "हा सूर तर आता बिघडला."