पाठीमागची फळी

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आधी एकट्याने वाच. अण्णांना किती सांगायचं ते मग ठरव.

गेल्या गुरुवारी संग्रहालयात माझ्या गोळ्याच्या प्रयोगात एका मुलीला लागलं. सातवीतली आहे. खालचा ओठ फाटला, चार टाके पडले, पुढचा एक दात अर्धा तुटला. तुला प्रयोग पाठ आहे, वहिनीसाठी लिहिते. छताच्या हुकाला दोरीने सात किलोचा लाकडी गोळा टांगलेला असतो. तो ओढून आपल्या हनुवटीला लावायचा आणि न ढकलता नुसता सोडायचा. गोळा पलीकडे जातो, झपकन परत येतो, मुलं किंचाळतात, आणि तो हनुवटीपाशी येऊन मागे फिरतो. सोडला त्याच्या पुढे तो येऊच शकत नाही. नऊ वर्षं मी हा प्रयोग करते आहे, आठवड्याला बारा वेळा. कुणाला साधा ओरखडा आला नव्हता.

मी त्याच दिवशी अहवाल लिहून दिला. गोळा कुणी ढकलला नाही, मुलगी जागची हलली नाही, म्हणजे दोष टांगणीचा. शिडी लावून पाहिलं तर हुकाची चकती झिजलेली निघाली. टांगणीची देखभाल वर्कशॉपच्या मिस्त्रीकाकांकडे असते. त्यांना दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलंय. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. वीस तारखेला चौकशी समितीपुढे आम्हा दोघांना बोलावलंय. आणि मला कायम करण्याचा कागद, ज्याची नऊ वर्षं वाट पाहिली, तो संचालकांच्या टेबलावर पडून आहे. आधी चौकशी, मग सही, असं त्यांनी सांगितलं.

घास उतरत नाही. ती मुलगी रडलीसुद्धा नाही रे. तोंडावर हात धरून नुसती माझ्याकडे बघत राहिली.

वहिनीला नमस्कार. मला रागावायचं असेल तर पुढच्या पत्रात रागव, या वेळी नको.

तुझी,
भिंगरी

दि. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एकट्याने वाच म्हणालीस, पण या घरात ते कसं जमायचं? अण्णांना जेवायला हाक मारलेली ऐकू येत नाही, पाकीट फाडलेलं मात्र आतल्या खोलीतून ऐकू येतं. शेवटी वाचून दाखवावं लागलं, आणि तेही दोनदा.

वहिनी म्हणते, आधी नीट जेव. मुलगी बरी होईल, त्या वयात सगळं लवकर भरून येतं. मी कचेरीतला माणूस, माझा सल्ला कचेरीतला. तुझा अहवाल फाईलला लागलाय, झिजलेली चकती सापडलीय, विषय तिथेच संपतो. समितीपुढे विचारतील तेवढंच बोल. तुझी सवय मला माहीत आहे, एका प्रश्नाला तू सात उत्तरं देतेस. मिस्त्रींचं वाईट वाटणं साहजिक आहे, पण चकती बघणं हे त्यांचंच काम होतं ना? आणि कायमची नोकरी या वयात परत चालून येत नाही.

राहिले अण्णा. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, मला वाटलं आता तासभर व्याख्यान होणार. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी फक्त विचारलं, की त्या पोरीच्या मागे काय होतं? मला अर्थ लागला नाही. तुला लागला तर कळव, नाहीतर ते रोज मला विचारत बसतील.

तब्येत सांभाळ. उत्तराची वाट पाहायला लावू नकोस.

तुझा,
दादा

दि. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. जेवते आहे, वहिनीला सांग.

इथे सगळे माझ्याशी फार गोड वागतात, त्याचाच त्रास होतो. संचालकांनी बोलावून सांगितलं, की अहवाल अगदी नेमका लिहिलाय, असाच ठाम राहा. तिकीट खिडकीवरची बाई माझ्यासाठी डबा जास्तीचा आणते. गोळा दोरीसकट पोत्यात घालून सील केलाय. व्यासपीठावर आता फक्त हूक लोंबतो आहे, आणि शाळांच्या सहली आल्या की मुलं त्याच्याकडे बोट दाखवून कुजबुजतात.

मंगळवारी मिस्त्रीकाका आपली हत्यारं न्यायला आले होते. मी जिन्यावरच अडकले, पळायला जागा नव्हती. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. त्यांनी नेहमीसारखं काय बाई म्हणून विचारलं, आणि मुलीचे टाके काढले का एवढंच पुढे विचारलं. मला माहीत नव्हतं. मी तिच्या घरी अजून गेलेले नाही. काकांनी मान हलवली आणि पेटी उचलून गेले.

अण्णांना सांग, मागे काही नव्हतं. मोकळं व्यासपीठ होतं. मागे कशाला काही असायला हवं? प्रयोग पुढे होतो, मागे नाही. त्यांना म्हणावं, निवृत्त झालात, आता माझी परीक्षा घेणं थांबवा.

रागाने लिहिलं असेल तर पोटात घाल.

भिंगरी

दि. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं. अण्णा उठले, दाराचं मोठं कुलूप सुतळीला बांधलं, स्टुलावर चढून ते चौकटीच्या वरच्या खिळ्याला टांगलं आणि मला समोर उभं राहायला सांगितलं. वय वर्षं पन्नास, डोक्याला टक्कल, आणि मी कुलूप नाकाला लावून उभा. वहिनी हसून हसून खाली बसली. मी कुलूप सोडलं. ते गेलं, परत आलं आणि माझ्या नाकावर बसलं. चष्मा वाचला, नाक सुजलंय. मी हललो नव्हतो, भिंगरे. तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं असतं की हललो नव्हतो.

मग त्यांनी मला मागे सरकवलं, डोकं चौकटीच्या उभ्या बाजूला टेकवायला लावलं, आणि सुतळी तेवढीच लांबवून पुन्हा सोडायला सांगितलं. कुलूप नाकापासून बोटभर अंतरावरून परत फिरलं. तेव्हा आठवलं. लहानपणी आपण दोघं हा खेळ खेळायचो तेव्हा ते आपलं कपाळ दोन बोटांनी चौकटीला दाबून धरायचे. आपल्याला वाटायचं, लाड करतायत. गोळा लांब जातो तसं माणूस नकळत त्याच्यामागे जातो, असं ते आज म्हणाले, आणि मग झोपायला गेले. दुपारचे चार वाजले होते.

आता माझं ऐक. हे घरातलं घरात राहू दे. चकती झिजली होती, हेही खोटं नाही. तुला कुणी मागचं विचारलेलं नाही. जे विचारलं नाही ते सांगायला जाणं म्हणजे आपल्या पायावर आपण धोंडा पाडून घेणं. पाच दिवस गप्प राहा.

नाकाला हळद लावून बसलेला,
दादा

दि. १८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. आज सकाळी संग्रहालय उघडण्याआधी मी प्रवेशदालनातल्या मोठ्या लंबकापाशी उभी राहिले. तो माणसाच्या जवळ येत नाही, कठड्याच्या आतच झुलतो. तिकीट खिडकीवरच्या बाईला माझ्या कानाशी फूटपट्टी धरायला लावली आणि मी नुसती बघत राहिले. तीन झोक्यांत माझं डोकं चार बोटं पुढे गेलं. मग ती उभी राहिली. ती पाच बोटं गेली, आणि मीच पट्टी हलवली म्हणून माझ्याशी भांडली.

आता तुला जे सांगितलं नाही ते लिहिते. मागे फळी होती, दादा. नऊ वर्षांपैकी पावणेनऊ वर्षं होती. डोकं टेकून उभं राहायची, माणसाएवढी सागवानी फळी. ऑक्टोबरमध्ये ती मीच काढायला लावली. मागच्या रांगेतली मुलं म्हणायची की फळीत काहीतरी युक्ती आहे, तीच गोळा थांबवते. मला वाटलं, मोकळ्या व्यासपीठावर प्रयोग जास्त खरा दिसेल. माझ्या हाताची, माझ्या सहीची चिठ्ठी आहे. काका तेव्हा म्हणाले होते, की बाई, राहू दे, अडचण तर करत नाही. मी हसून म्हटलं, काका, विज्ञानाला टेकू लागत नाही. हे वाक्य मला आता दिवसभर ऐकू येतं.

फळी काढल्यावर मी हनुवटी आपोआप आत ओढून उभी राहायचे, नऊ वर्षांची सवय. मुलांना मात्र नुसतं हलू नका सांगायचे. तीन महिने गोळा त्यांच्या तोंडापासून किती अंतरावरून परत फिरत होता, देव जाणे.

आणि मुलगी हलली नाही, हे मी पाहिलंच नव्हतं. गोळा सुटला की मी कधी गोळ्याकडे बघत नाही, उभ्या असलेल्या मुलाकडेही नाही. मी समोरच्या बाकांवरचे चेहरे बघते. सगळी मजा तिथेच असते. न पाहिलेलं मी पाहिलं म्हणून लिहून दिलं, आणि एक माणूस घरी बसला.

चिठ्ठीची मूळ प्रत वर्कशॉपच्या फाईलमध्ये आहे. काकांनी ती काढून दाखवली असती तर पहिल्याच दिवशी सुटले असते. त्यांनी दाखवलेली नाही. माझी कार्बन प्रत खणात आहे. तुझं उत्तर येईल तेव्हा वीस तारीख उलटून गेलेली असेल, म्हणून सल्ला मागत नाही. माझी हिंमत होईल की नाही, तेही मला माहीत नाही.

भिंगरी

दि. २३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काय केलंस? अण्णा दोन दिवस फाटकाशी खुर्ची टाकून बसलेत आणि पोस्टमनला दुरूनच हातवारे करतात. मी आठ दिवसांपूर्वी जे लिहिलं ते भावाने लिहिलं होतं. ते मनावर घेतलं असशील तरी तू आमचीच आहेस, आणि घेतलं नसशील तरी.

दोन ओळी टाक.

दादा

दि. २७ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोन ओळींत मावत नाही.

समितीने आधी काकांना विचारलं. त्यांनी चकती झिजली होती हे कबूल केलं, पण तेवढ्याने गोळा केसभरसुद्धा पुढे येणार नाही, असं सांगितलं. ते कुणी लिहून घेतलं नाही. फळीचं त्यांनी नावही काढलं नाही. मग माझी पाळी. पहिलाच प्रश्न, मुलगी हलली नाही हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का? तू म्हणाला होतास, विचारतील तेवढंच बोल. मी तेवढंच बोलले. नाही म्हटलं. मग मात्र थांबता आलं नाही. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. संचालकांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि हे लेखी द्यायचंय का, नीट विचार केलाय का, असं विचारलं. मी तिथेच बसून लेखी दिलं.

काका सोमवारी कामावर आले. माझा कागद टेबलावरून उचलला गेला, सध्या नाही एवढंच उत्तर मिळालं. सहा महिने व्यासपीठ बंद. मी आता वस्तूंखालच्या पाट्या लिहिते.

मी काकांना विचारलं, चिठ्ठी का नाही दाखवली? ते म्हणाले, स्क्रू माझ्याच हातांनी काढले ना, मग मी कुठल्या तोंडाने बोलू? नंतर म्हणाले, की फळी परत बसवतोय, या वेळी मोठ्यांची आणि मुलांची अशा दोन खुणा करायच्यात, त्या मुलीची उंची किती? मला ठाऊक नव्हती. त्यांनी खिशातली टेप काढून माझ्या हातावर ठेवली आणि रंधा मारायला लागले.

काल त्या मुलीच्या घरी गेले होते. तिच्या आईने दार उघडलं, बस म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शाळेत मुलीला सगळे हलली हलली म्हणून चिडवतात, ती हलले नाही म्हणून भांडते आणि घरी येऊन रडते, असं आई म्हणाली. मी मुलीला सांगितलं, तू हललीस, मीही हलते, माझा पन्नाशीचा भाऊसुद्धा हलला आणि नाक सुजवून बसला. तुला मागे टेकायला मी काही ठेवलं नव्हतं. ती ओठ मिटून हसली, दात दिसू नये म्हणून. मग मी टेप काढली. उभी राहा एवढंच म्हटलं होतं. ती आपली आपण दारात गेली आणि डोकं मागे घट्ट टेकवून उभी राहिली. एकशे एक्केचाळीस सेंटीमीटर.

त्या फळीपुढे पहिलं कोण उभं राहणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सहा महिन्यांनी परवानगी मिळाली तर मी. मग मी बघायला येईन, म्हणाली. मी जिना उतरेपर्यंत दार लावल्याचा आवाज आला नाही.

वहिनीला नमस्कार. तुझ्या नाकाला आराम पडो. अण्णांना सांग, या वेळी तिच्या मागे चौकट होती.

तुझी,
भिंगरी