माळपेठेचा सोमवार

माळपेठ,
मंगळवार, २४ सप्टेंबर २०२४

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

काल घरी जेवताना आपण पुन्हा भांडलो आणि तुम्ही आमटी तशीच टाकून उठलात. आई बिचारी एकदा तुमच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिली. समोरासमोर आपल्याला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, म्हणून हे पत्र. कागदावर निदान आवाज चढत नाही.

तुमचं म्हणणं मला कळलंय. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत माझ्या चष्म्याच्या दुकानानं जीव धरला तर ठीक, नाहीतर शटर ओढायचं आणि कोल्हापुरात अनेकांतदादाबरोबर आपल्या महाद्वार रोडच्या दुकानात बसायचं. पण तिथं मी कायम दादाची बहीणच राहणार हो. इथं पाटीवर माझं नाव आहे. गिऱ्हाईक नाही, हेही खरंच आहे.

शनिवारी दिवेलागणीला मागच्या टेकडीवर गेले होते. वर धनगरवाड्यावर दोन-चार दिवे, खाली वाड्यांचे पुंजके, मधे आमची माळपेठ ओंजळभर, आणि पार पूर्वेला कोल्हापूर म्हणजे नुसतं पिवळं झालेलं आभाळ. किती वेळ बसले कुणास ठाऊक. वाटलं, ही गावं कुणी उगाच विखरून टाकलेली नाहीत. मिठाची पुडी वाडीतच मिळते. दूध घालायला खालच्या गावातल्या डेअरीपर्यंत उतरायचं. बियाणं, औषधं, बँक हवी तर माळपेठ, आणि लग्नाचा बस्ता किंवा मोठं ऑपरेशन असलं की कोल्हापूर. मग चष्मा कुठल्या दिव्यापाशी मिळावा? मला तर माळपेठेच्याच वाटतं. तरी माणसं का येत नाहीत, ते काही कळेना.

माया आहे तशीच असू द्या. आमटी मात्र टाकत जाऊ नका.

तुमची,
रुचिता


कोल्हापूर,
२७ सप्टेंबर

चि. रुचितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एका जिल्ह्यात राहून लेक बापाला पत्र लिहिते म्हणून पोस्टमन हसला की! पत्र तुझ्या आईनं दोनदा वाचलं आणि डोळ्याला पदर लावला. मी एकदाच वाचलं.

पोरी, दिवे बघून पोट भरत न्हाय. आमच्या दुकानात गिऱ्हाईक कसं येतं, ते ऐक. माणूस देवीला येतो, कोर्टात येतो, पोरीचा बस्ता बांधायला येतो, आणि आलोच आहोत तर म्हणून चष्मा करून जातो. नुसत्या चष्म्यासाठी कोण घरातून उठत न्हाय. तर मग तुझ्या माळपेठेला माणसानं यावं कशाला? ह्याचं उत्तर दे, मग पुढचं बोलू.

सोमवारी ये. आपली दोन्ही दुकानं बंद असतात, तेवढाच एक दिवस सगळी एका पंगतीला. आई धपाटी करणार आहे. रुसून बसू नकोस.

कळावे, लोभ आहेच, न सांगता.

आण्णा


माळपेठ,
सोमवार, ३० सप्टेंबर

ती. आण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

रुसले मी. आले नाही. धपाटी चुकली, त्याचं वाईट वाटतंय. पण आण्णा, आज जे झालं ते कसं सांगू!

दर सोमवारी इथं आठवड्याचा बाजार भरतो, हे मला माहीत होतं. पण भाजी-मिरचीच्या गर्दीत चष्मा कोण करतंय, असं वाटायचं. शिवाय सोमवारी कुलूप हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. आज दुकान झाडावं म्हणून शटर वर केलं, तर वरच्या वाडीतले केरबा म्हणून एक म्हातारे थांबले आणि विचारायला लागले की हे दुकान उघडतं व्हय! गुढीपाडव्याला मी दुकान उघडलं तेव्हापासून ते दर बाजाराला येतात आणि कुलूप बघून जातात. त्यांच्या वाडीत मला नावसुद्धा पडलंय, कुलूपवाली! मला हसू येईना, रडू येईना.

त्यांनी बाजारात जाऊन काय सांगितलं देव जाणे. घटकाभरात बाकडं भरलं, मग पायरी भरली. दुपारी घास खायला उसंत नव्हती. वाडीवरचा माणूस आठवड्यातून एकदाच खाली उतरतो, आणि नेमकी त्याच दिवशी मी तुमच्या पंगतीला! सोमवारची सुट्टी कोल्हापूरची, आण्णा. ती मी पिशवीत घालून इकडं आणली.

माणसानं इथं यावं कशाला, असं विचारलं होतंत ना? बाजाराला. आता सोमवारी मला घरी यायला जमायचं नाही. एवढी आनंदाची गोष्ट लिहिताना हेच वाक्य जड गेलं.

रागवा, पण परकी करू नका.

रुचिता


कोल्हापूर,
२२ ऑक्टोबर

चि. रुचितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. सोमवारी तुझी जागा मोकळी दिसते, त्याचा राग होता. खोटं कशाला लिहू?

काल देवीला आलेल्या एक चिमणाबाई घराकडं जाता जाता आपल्या दारात उभ्या राहिल्या. सोमवार, दुकान बंद. मी दादाबरोबर नुसता माल लावत होतो. म्हातारीला आत घेतलं, खुर्चीत बसवलं, आणि सहज गाव विचारलं. निघाली माळपेठेच्या वरच्या अंगाची. दोन गाड्या बदलून आली होती. मनात आलं, उद्या हिच्या चष्म्याची काडी ढिली झाली, कानामागं टोचायला लागलं, तर ही पुन्हा दोन गाड्या बदलणार काय? मी चहा पाजला आणि सांगितलं की बाजारच्या दिवशी माळपेठेत जावा, तिथं माझी लेक बसते, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

दुकानात आलेलं गिऱ्हाईक मी जन्मात पहिल्यांदा परत धाडलं. दादा बघतच राहिला. त्याला म्हटलं, ती बाई आपली नव्हंच, रुचिताच्या गावाची हाय.

पाडव्याला इथल्या दुकानाची पूजा दादा करेल. मी आणि आई सकाळच्या एसटीनं तुझ्याकडं येतो. नारळ, फुलं आम्ही आणतो. पूजेला मात्र तूच बसायचं, दुकान तुझं आहे. मी आपला गिऱ्हाईकांच्या बाकड्यावर बसेन.

भांडत राहा, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
आण्णा