फाटकापाशी सांगायची गोष्ट

८ नोव्हें., शुक्रवार
प्रज्ञाचा रिपोर्ट आला. आयर्लंडहून दर शुक्रवारी येते, तिच्या पंपाच्या कंपनीत द्याच्या आधी बापाच्या नजरेखालून जाते. पोरगी तिथं इंग्रजी फाडफाड बोलते, मीटिंगा घेते, अन् कागदावर उतरली की गाडी घसरते. सलाइनचा पंप बंद पडला, हे चौथ्या ओळीत! त्याच्या आधी तपासणी कोणी केली, कोणत्या खोलीत केली, अगोदर काय झालतं, सारं एकाच वाक्यात. स्वल्पविरामावर स्वल्पविराम. तिचा साहेब म्हणते, तुझं बोलणं कळते, लिहिणं कळत नाही.
फोनवर सांगतलं, "बाई, स्वल्पविराम म्हणजे दम खायची जागा नाही. पंप बंद पडला. पूर्णविराम. मंग बाकीचं."
"हाव सर," म्हणे. ज्यु. कॉलेजात माह्याच वर्गात बसायची, तवापासून असंच चिडवते.
चांगला गेला दिवस. शुक्रवारच चांगला जाते.

१२ नोव्हें.
काही नाही. कपाशीची वेचणी सुरू, दुपारी आळीत माणूस दिसत नाही. प्रज्ञाची माय सुमन गेल्यापासून रेडिओ लावून ठेवतो, घरात कोणी बोलत राहावं म्हणून. भाजीत दोनदा मीठ टाकलं. सांगाले कोण आहे? खाल्ली तशीच.

१५ नोव्हें., शुक्र.
प्र.चा रिपोर्ट. लाल खुणा कराले जागाच नाही. काय झालं ते पहिल्या ओळीत, काहून झालं ते दुसऱ्या, पुढं काय करायचं ते खाली. वाचता वाचता कुठं अडकलो नाही. साहेबानं शाबासकी देली म्हणे.
खूष व्हाले पाहिजे. झालोच. पण पोरगी अशीच सुधारत गेली तर माह्या शुक्रवारचं काय? मास्तर, चांगलं शिकवा अजून! पाडून घ्या आपल्याच पायावर धोंडा.

१९ नोव्हें.
शेजारचे देवराव आले. बसले बराच वेळ. बोंडअळी, मजूर भेटत नाही, जावयाची नवीन गाडी. चहा झाला, सुपारी झाली. उठले, चपला घातल्या, फाटकाची कडी काढली, अन् मंग म्हणते, "सर, ते... आमच्या घरी म्हणून राह्यले, तुमच्या कुकरची शिटी आइकू येत नाही आजकाल. जेवाले या आज."
यासाठीच आलते बिचारे. आपल्याकडं असंच. खरी गोष्ट बैठकीत निघत नाही, फाटकापाशी निघते. म्हणून तर घरची बाई पाहुण्याले सोडाले बाहेरपर्यंत जाते. सुमन जायची. मी आतच, पेपर तोंडापुढं धरून. साऱ्या गावाच्या गोष्टी तिलेच माहीत असायच्या.
गेलतो जेवाले. वांग्याची भाजी, भाकर. बरं वाटलं.

२२ नोव्हें., शुक्र.
रिपोर्ट नाही. अर्ज आला. प्र.च्या कंपनीत कायमची जागा निघाली, पुढच्या शुक्रवारी द्याचा आहे. "बाबा, नीट पाहा, हे महत्त्वाचं आहे." एवढंच लिहिलं वर.
कायमची.
वाचला. पुन्हा वाचला. बाप्पा, शिकवलेलं सारं वाहून गेलं! पुन्हा तीच लांबण. जरी, तरी, एकीकडे, दुसरीकडे. जागा पाहिजे, असं कुठंच म्हटलं नाही. नको, असंही नाही.

२३ नोव्हें.
बसलो लॅपटॉप घेऊन. वाक्यं तोडली, विरामचिन्हं जागेवर बसवली. सारं स्वच्छ झाल्यावर दिसलं, इंग्रजीची चूक नाहीच हे. पोरीचंच ठरून नाही राह्यलं.
माह्या हातात होतं. दोन-चार शब्द इकडचे तिकडे केले असते तर साहेबाले वाटलं असतं, हिलेच नको आहे. आलं मनात, खोटं काय बोलू. नाही केलं. सुमननं उभं केलं नसतं मले दारात.
पाठवला परत. "बाकी नीट आहे. पहिली ओळ रिकामी ठेवली. तुले काय पाहिजे ते तूच लिही."

२५ नोव्हें.
प्र.चा फोन, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. "माही ओळ मंग लिहीन. आधी तुमची सांगा, बाबा. मी इथंच राह्यली तर तुमचं कसं होईल?"
अन् मी काय सांगतलं? देवरावचा कापूस. मांजरीनं माळ्यावर पिल्लं देली. बोअरचं पाणी. बीपी बरं निघालं. ती तिकडून हं, हं करून राह्यली. मले वाटलं, निघता निघता सांगीन.
"बरं बाबा, मीटिंग आहे, ठेवते."
"थांब न, आइक..."
ठेवला होता.
फोनले फाटक नसते. सारी नोकरी पोरांवर ओरडलो, मुख्य गोष्ट आधी सांगा रे, अन् स्वतः चपला घालायची वाट पाहत बसलो. रडलो मंग. घरात कोणी नव्हतंच पाहाले.

२७ नोव्हें.
मेसेज लिहिला, खोडला. पुन्हा लिहिला, त्यात मांजर आलीच. खोडला. शेवटी हा पाठवला:
"मले करमत नाही. तू इथं नाही म्हणून करमत नाही. परत ये, असं म्हणून नाही राह्यलो. जागा चांगली आहे अन् तू त्या लायकीची आहेस. पण तू विचारलं, म्हणून हे आधी."
निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

२८ नोव्हें.
उत्तर नाही. भरलेला मोबाइल पुन्हा चार्जिंगले लावला. काहून लिहिलं असं वाटते. मंग वाटते, लिहिलं ते बरं केलं. मंग पुन्हा...

२९ नोव्हें., शुक्र.
आला अर्ज. वर प्र.ची एकच ओळ. "बाबा, पहिलं वाक्य लिहिलं. तुमचं वाचून लिहिलं."
चष्मा पुसला. चहा मांडला, तो उतू गेला. शेगडी पुसत बसलो. फाइल समोर आहे, उघडली नाही अजून.
फाटक वाजलं. देवराव. त्यांनी चपला काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, "देवराव, बसा माह्यापाशी. पोरीचा कागद आला, एकट्यानं उघडाची हिंमत होऊन नाही राह्यली."
खुर्ची ओढून बसले आहेत बाजूले. एवढं लिहिलं की उघडतो.